लोणारच्या सूक्ष्मजीवांचं प्रथिन वेगळं करताना मीठ कमी होऊ देऊ नका

जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी करणारे हॅलोआर्किया (अतिखारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव) पेशीच्या आतही पोटॅशियम क्लोराइड भरून ठेवतात, पुष्कळदा ४ मोलरच्या (लिटरमागे ४ मोल) घरात. त्यांच्या प्रथिनांच्या पृष्ठभागावर अस्पार्टेट, ग्लुटामेट ही ऋणभारित अमिनो आम्लं ठासून असतात, धनभारित लायसिन कमी. हे ऋणभार पाणी आणि क्षारांचे आयन धरून ठेवतात, म्हणून एवढ्या खारटपणातही प्रथिन विरघळलेलं राहतं. मीठ उतरलं की तेच भार एकमेकांना ढकलतात आणि घडी उलगडते. बरीच प्रथिनं २ मोलरखाली तग धरत नाहीत.

म्हणून पेशी फोडण्यापासून डायलिसिसपर्यंत (पडद्यातून लहान रेणू बदलून घेण्यापर्यंत) प्रत्येक बफरात (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) ४ मोलर सोडियम क्लोराइड ठेवा. २३४ ग्रॅम मीठ घेऊन मग एकूण एक लिटर करा. लिटरभर पाण्यात मीठ ओतलं तर द्रावण पातळ पडतं. ४ मोलर पोटॅशियम क्लोराइड फ्रिजमध्ये ठेवू नका, तळाशी खडे बसतात. विद्युतभारावर प्रथिन पकडणाऱ्या साध्या आयन-एक्स्चेंज कॉलमवर एवढ्या मिठात काही चिकटत नाही. आकारानुसार वेगळं करणारं जेल फिल्ट्रेशन बरं.

एसडीएस जेलला (एसडीएस या साबणासारख्या रसायनात प्रथिनं वजनानुसार वेगळी करणाऱ्या चाचणीला) मात्र मीठ नको, आणि पोटॅशियम तर नाहीच, पांढरा साका होतो. म्हणून आधी टीसीएनं (ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्लानं) प्रथिन खाली बसवा, थंड अ‍ॅसिटोननं धुवा. जेलवर प्रथिनाची पट्टी अपेक्षित वजनापेक्षा वर दिसेल. आम्लधर्मी प्रथिनाला एसडीएस कमी चिकटतं, नमुना भेसळीचा समजून फेकू नका.

लोणार अभयारण्य आहे. बाटली भरण्याआधी वनखात्याची लेखी परवानगी घ्या.