लग्नानंतर इस्रायलमधल्या अश्दोदला जायचं आहे, घरातले गाऊन आणि रोजचे कपडे कसे निवडू?

तू लिहिलंयस की तुम्ही दोघंही बेने इस्राएल, म्हणजे आपले मराठी ज्यू, तू ठाण्यात वाढलेली, आणि होणारा नवरा शब्बाथ (शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्रीचा विश्रामदिन) आणि कश्रुत (खाण्यापिण्याचे नियम) काटेकोर पाळणारा आहे. आजवर तू कुर्ती-लेगिंग्ज घालत आलीस, घरात सुती मॅक्सी. आता यातलं काय चालेल आणि काय सोडावं लागेल, हा तुझा प्रश्न. मी पनवेलची, सून म्हणून अश्दोदला आले त्याला बरीच वर्षं झाली. तुझ्या वयाची मुलगी आहे मला, म्हणून अगं-तूगं करते.

आधी गाऊनबद्दल लिहिते, कारण त्याविषयी कोणी मोकळेपणाने सांगत नाही. आपल्याकडची मॅक्सी मुळात चांगली असते. घोट्यापर्यंत लांब, सैल, सुती. अडचण वरच्या भागात आहे. गळा खोल असतो, बाही आखूड आणि मुंढा इतका मोठा की हात वर केला की आतलं दिसतं. त्स्निउतचा, म्हणजे अंग झाकून राहण्याच्या आपल्या नियमाचा, साधा हिशोब असा की हासळीची हाडं, कोपरं आणि गुडघे झाकलेले हवेत. नवऱ्याबरोबर खोलीत एकटी असताना यातलं बरंचसं लागू नाही, तिथे तू हवं ते घाल. पण एकदा का खोलीचं दार उघडलं की घरात सासरे असतात, दीर असतो, सकाळी सकाळी शेजारीण मुलाला घेऊन दारात उभी राहते. म्हणून गाऊन घेताना मी स्वतःला एकच विचारते: याच कपड्यात दार उघडता येईल का?

अश्दोदमध्ये याला आणखी एक कारण आहे. इथे रॉकेट हल्ल्याचा सायरन वाजला की 45 सेकंदांत आसरा गाठायचा असतो. नव्या घरांत आतच सुरक्षित खोली असते, पण जुन्या इमारतीत सगळे मजले मिळून खालच्या तळघरात जमतात. 2014 च्या उन्हाळ्यात मी बिनबाह्यांच्या पातळ गाऊनमध्ये झोपायची. मध्यरात्री सायरन झाला, धाकट्याला उचललं आणि तशीच धावले. खाली वीस माणसं, त्यात आमच्या सिनेगॉगचे (प्रार्थनाघराचे) दोन वयस्कर गृहस्थ. कोणी माझ्याकडे पाहिलंही नाही, एका बाईने निमूटपणे तिची शाल माझ्या खांद्यावर टाकली. मी चुकले नव्हते, जीव वाचवणं जवळजवळ सगळ्या नियमांच्या वर आहे, आणि कपड्यासाठी एक सेकंदही थांबायचं नाही. तरी दुसऱ्या दिवशी मी कोपराखाली बाह्यांचे, बंद गळ्याचे दोन गाऊन आणले, आणि पलंगाच्या कडेला डोक्याचा रुमाल ठेवायला लागले. आजही तो तिथेच असतो.

तुझ्या ओळखीच्या शिंप्याकडून ठाण्यातच शिवून घे. बाही कोपराखाली चार बोटं, गळा गोल आणि वर, मुंढा बेताचा. पुढे चेन असेल तर ती छातीपर्यंतच, नाहीतर वाकताना उघडते. कापड घेताना खिडकीसमोर धरून बघ, पलीकडचा हात दिसला तर अस्तर लागेल. पण अश्दोद समुद्राकाठी, उन्हाळ्यात दमट, दुहेरी कापडात जीव घाबरा होतो. त्यापेक्षा थोडं जाड, गडद सुती बरं.

नवरा-बायकोच्या वेगळे राहण्याच्या दिवसांतले नियम, पांढऱ्या कपड्यांचं काय, हे मी इथे लिहीत नाही. लग्नाआधी नवरीला शिकवणारी बाई असते, तिला सगळं विचार, लाजू नकोस.

शब्बाथसाठी मात्र एक गाऊन वेगळा ठेव. आठवड्याचा कपडा आणि शब्बाथचा कपडा एक नसावा ही जुनी शिकवण आहे, आणि शुक्रवारी सूर्य मावळण्याआधी दिवे लावून झाल्यावर तो चांगला, इस्त्रीचा गाऊन अंगावर आला की घराचं रूपच बदलतं. मला ते फार आवडतं.

रोजच्या कपड्यांत तुला सगळ्यात जास्त बदल कुर्तीत करावा लागेल. लेगिंग्जवर कुर्ती म्हणजे पाय झाकले, पण आकार दिसतोच, आणि बाजूचे कट मांडीपर्यंत जातात. पुरुषाचा पेहराव स्त्रीने करू नये असं तोरामध्ये, आपल्या धर्मग्रंथात, आहे, त्यामुळे धार्मिक वस्तीत बहुतेक बायका स्कर्टच घालतात. सलवारीबद्दल मतं वेगवेगळी आहेत, तुमच्या रब्बींना (धर्मगुरूंना) विचारा. पण कुर्त्या टाकून देऊ नकोस. कट गुडघ्याखालपर्यंत शिवून घे आणि खाली घेरदार लांब स्कर्ट घाल. मी अजून तशाच वापरते. स्कर्ट घेताना दुकानात उभी राहून बघू नकोस, बसून बघ. बसल्यावर गुडघा झाकलेला राहिला तर घे. गळा मोठा असलेल्या ब्लाउजखाली घालायला इथे अंगाबरोबर बसणारे साधे लांब बाह्यांचे शर्ट मिळतात, ते पाच-सहा घेऊन ठेव.

लोकर आणि जवसाच्या धाग्याचं लिनन एकत्र असलेलं कापड, म्हणजे शात्नेझ, आपल्याला चालत नाही. सुती गाऊनला ती भीती नाही. लोकरीचा कोट घेतलास तर तपासून घे, आतल्या कडक पट्टीतही लिनन असू शकतं.

डोक्याचं सांगते. लग्नानंतर केस झाकायचे, पण विग की रुमाल हे घराण्यावर आहे. 2004 मध्ये तिरुपतीला अर्पण केलेल्या केसांच्या विगांवर मोठा वाद झाला, इथले मोठे रब्बी एल्याशीव यांनी ते मूर्तिपूजेतले म्हणून निषिद्ध ठरवले आणि इस्रायलमधल्या बने ब्राकमध्ये, अमेरिकेतल्या ब्रुकलिनमध्ये बायकांनी विग जाळले. मी पहिल्यापासून रुमालच बांधते, त्याला इथे मित्पाहत म्हणतात. माझी आजी सिनेगॉगमध्ये पदर डोक्यावर घ्यायची, त्यामुळे मला हे कधी परकं वाटलं नाही. तुझ्या सुती ओढण्या घेऊन ये, उत्तम बांधल्या जातात. रेशमी घसरतात.

सामानात चार गाऊन पुरे. नव्या कपड्यांची लेबलं मात्र शुक्रवारी सूर्य मावळण्याआधी कापून टाक, नंतर कापता येणार नाहीत आणि तो गाऊन शनिवारी रात्री शब्बाथ संपेपर्यंत कपाटात राहील.