ऐरोलीच्या खाडीकाठी निळ्या फुलांचं काटेरी झुडूप दिसलं, ते कोणतं? घरी लावता येईल का?

ती मारांडी. शास्त्रीय नाव अकॅन्थस इलिसिफोलियस, अडुळसा आणि कोरांटीच्याच कुळातली. फूल हातात घेऊन बघा, वरचा ओठ नसतोच. खाली एकच रुंद जांभळट निळा ओठ आणि बुडाशी चार जाडजूड केसाळ पुंकेसर. चुकायला जागा नाही.

फक्त तिला तण म्हणू नका, ती तिवरांच्या खारफुटीत, म्हणजे कांदळवनात वाढते. आमच्या सोसायटीची मागची भिंत खाडीला लागून आहे. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात, शेंड्याला फुलं आणि खाली बोंडं अशा भरात असताना, सेक्रेटरींनी दोन माणसं कोयते देऊन पाठवली. मी धावत खाली गेले. सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, तिवर म्हणजे झाड. हे काटेरी रान आहे, साप येतात." मी एक पान तोडून त्यांच्यापुढे धरलं. भर दुपार होती, पानावर मिठाचे बारीक पांढरे कण चमकत होते. म्हटलं, जिभेला लावून बघा. खाऱ्या चिखलात उभी राहते आणि नको असलेलं मीठ पानावाटे बाहेर टाकते, असं तण असतं का? ते काही न बोलता निघून गेले. निम्मा पट्टा साफ झाला.

तोडलेल्या फांद्यांवरची बोंडं मी घरी आणून पेपरवर पसरली. तिसऱ्या दिवशी टक्कन आवाज झाला आणि बी थेट फ्रिजखाली. बोंड तडकलं की बिया अशाच लांब उडतात. त्यातलं एक रोप आज बादलीत चिखलात वाढतंय, गोड्या पाण्यावर. म्हणजे घरी येते. पण खाडीतून उपटून आणू नका. उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यभर कांदळवनाच्या तोडीवर बंदी घातली आहे.

सावलीतल्या मारांडीची पानं कधी बिनकाट्यांचीही असतात, तेवढं लक्षात ठेवा. आणि हो, काही अभ्यासक तिला खरी कांदळ न मानता कांदळाची सोबतीण मानतात. सेक्रेटरींनी नंतर नेमकं तेच लिहिलेला कागद छापून माझ्यापुढे ठेवला. असेल सोबतीण. पण ती उगवते तिवरांच्या पायाशीच, आणि कोयता चालवणारा माणूस दोन्ही वेगळं करत बसत नाही. त्या दिवशीच्या ढिगात तिवराची अकरा रोपं होती. मी एकेक बाजूला काढून मोजली, फोटो अजून माझ्याकडे आहे.