माळ्यावरचा जुना पोर्टेबल टीव्ही स्वतः दुरुस्त करण्याचा छंद कसा सुरू करावा?

आपल्या प्रश्नावरून असे दिसते की, माळ्यावर सापडलेला १४ इंची कृष्णधवल पोर्टेबल टीव्ही सुरू होतो, आवाजाची खरखरही येते, परंतु पडद्याच्या मधोमध केवळ एक आडवी पांढरी रेघ उमटते. इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण नसताना तो घरी दुरुस्त करता येईल का, आणि दूरदर्शनचे जुने प्रक्षेपण बंद झालेले असताना त्यावर काही पाहता तरी येईल का, असे आपण विचारले आहे. दोन्ही शक्य आहे; किंबहुना, शिकण्यासाठी याहून सोयीचा बिघाड मिळणे कठीण, असे मी म्हणेन.

कारण त्या एका रेघेने निम्म्याहून अधिक तपासणी आधीच करून दिलेली आहे. पिक्चर ट्यूबमधील इलेक्ट्रॉनचा झोत आपल्याकडील पद्धतीत सेकंदाला १५,६२५ वेळा डावीकडून उजवीकडे आणि ५० वेळा वरून खाली फिरवला जातो. रेघ आडवी आणि पूर्ण रुंदीची आहे, याचा अर्थ आडवी हालचाल शाबूत आहे; ती शाबूत आहे म्हणजे एलओटी, म्हणजेच लाईन आउटपुट ट्रान्सफॉर्मर, चालतो आहे; तो चालतो म्हणून ट्यूबला विजेचा उच्च दाब मिळतो आहे; आणि रेघ उजळ आहे, म्हणजे ट्यूबचा हीटर पेटतो आहे व तिच्यात अजून जीव आहे. बंद पडला आहे तो केवळ उभी हालचाल देणारा भाग, ज्याला मेकॅनिक ‘व्हर्टिकल सेक्शन’ म्हणतात. या छंदातील खरे कसब पेचकसात नसून पडदा असा वाचण्यात आहे. मीटर आपण त्यानंतर हाती घ्यावा. तूर्त ब्राइटनेस मात्र अगदी कमी ठेवा, अन्यथा झोताची सारी शक्ती एकाच ओळीवर पडून तेथील फॉस्फर, म्हणजे पडद्याच्या आतला चमकणारा लेप, जळतो आणि तो डाग कायमचा राहतो.

असे सेट नवशिक्यास योग्य असण्याचे दुसरे कारण त्यांच्या वीजपुरवठ्यात आहे. एसी-डीसी पोर्टेबल सेट कारच्या बॅटरीवरही चालावेत अशी रचना असल्याने आत एक ट्रान्सफॉर्मर घरातील वीज उतरवून देतो आणि उरलेले सर्किट साधारण १२ व्होल्टवर चालते. रंगीत पोर्टेबल सेटमध्ये बहुधा एसएमपीएस, म्हणजे स्विचिंग पद्धतीचा वीजपुरवठा, असतो. त्याच्या प्राथमिक बाजूवर ३०० व्होल्टहून अधिक डीसी असतो आणि ती बाजू थेट मेन्सशी, म्हणजे घरातील विजेशी, जोडलेली असते, म्हणून तिच्यापासून सेट विलग ठेवणाऱ्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय तो उघडून चालू करू नये. पहिले वर्षभर रंगीत सेटच्या वाटेला जाऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

तथापि १२ व्होल्टचा सेटही निरुपद्रवी नव्हे. त्याचा एलओटी ट्यूबच्या अ‍ॅनोडला, म्हणजे उच्च दाब जेथे जोडतात त्या धन टोकाला, दहा-बारा हजार व्होल्ट पुरवतो आणि सेट बंद केल्यावरही तो विद्युतभार ट्यूबमध्ये बराच काळ टिकू शकतो. ट्यूबच्या पाठीवरील काळ्या लेपाला टेकलेली एक उघडी तार दिसेल. चांगल्या मुठीच्या पेचकसाला वायरने ती जोडून त्याचे टोक अ‍ॅनोडच्या रबरी टोपीखाली सरकवावे व भार उतरवावा, आणि थोड्या वेळाने हीच कृती पुन्हा करावी. ट्यूबच्या मानेला धक्का लावू नये. ती काच पातळ असते, आणि तेथे तडा गेला की ट्यूब संपली.

आता प्रत्यक्ष दुरुस्तीकडे वळू. प्रथम सेट बंद ठेवून योकच्या, म्हणजे ट्यूबच्या मानेवर बसवलेल्या व झोत फिरवणाऱ्या गुंडाळ्यांच्या, प्लगभोवतीचे कथील भिंगातून पाहावे. जड, तापणाऱ्या किंवा ओढ बसणाऱ्या भागांच्या पायांभोवती बारीक गोल चीर पडते, तिला ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात, आणि जुन्या सेटमधील बरेच बिघाड एवढ्यावरच मिटतात. त्यानंतर योकची उभ्या हालचालीची गुंडाळी मीटरने मोजावी. काही ओहमपासून काही दशक ओहमपर्यंत रोध दिसला तर ती बहुधा ठीक आहे, मीटर हललाच नाही तर ती तुटलेली आहे. योक बरा असेल, तर व्हर्टिकल आउटपुट, म्हणजे योकला उभ्या हालचालीचा प्रवाह देणारा टप्पा, आणि योक यांच्यामधील मोठा इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर पाहावा. तो बहुधा ४७० ते २,२०० मायक्रोफॅरडचा असतो आणि वर्षानुवर्षे उष्णतेत राहून आतून सुकतो. बदलताना क्षमता तीच आणि व्होल्टेज तेवढेच किंवा अधिक, शक्यतो १०५ अंश तापमान सोसणारा घ्यावा, आणि ध्रुव उलटे लावू नयेत. हाइट व लिनिअ‍ॅरिटीचे, म्हणजे चित्राची उंची व समप्रमाणता ठरवणारे, प्रीसेट (सर्किटवरील छोटे फिरते रोध) जागच्या जागी थोडे फिरवून क्लीनर मारला, तर कधी कधी रेघ एकदम उघडते. एवढे करूनही ती तशीच राहिली तर सेट चालू करून, आउटपुटला ट्रान्झिस्टरची जोडी असल्यास, त्या दोहोंच्या जोडावर व्होल्टेज मोजावे. या भागाला मिळणाऱ्या पुरवठ्याच्या साधारण निम्मे तेथे असले पाहिजे. शून्य किंवा पूर्ण पुरवठा दिसला, तर जोडीतील एक ट्रान्झिस्टर गेला आहे किंवा त्याच्या आधीचा.

सगळे कपॅसिटर सरसकट बदलण्याचा सल्ला आपल्याला अनेक जण देतील. मी तो देणार नाही, कारण त्यात बिघाड कशामुळे होता हे कळतच नाही, आणि नवे दोष आपल्या हातून शिरतात. एका कपॅसिटरला तर कारणाशिवाय हात लावूच नये: आडवी हालचाल व एलओटी चालवणाऱ्या हॉरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टरच्या, म्हणजे अनेक सेटमध्ये असणाऱ्या बीयू ४०६ किंवा ४०७ च्या, कलेक्टर या पायापासून सर्किटच्या ‘अर्थ’पर्यंत (ग्राउंडपर्यंत) लावलेला फिल्म कपॅसिटर. तो सुटला किंवा कमी क्षमतेचा बसवला, तर उच्च दाब एकाएकी वाढतो आणि ट्रान्झिस्टरबरोबर एलओटीही जातो.

हत्यारे थोडी पुरतात: डिजिटल मल्टिमीटर, २५ ते ३५ वॅटचे सोल्डरिंग आयर्न, डीसोल्डर पंप आणि करंट मर्यादित करता येईल असा १२ व्होल्टचा पुरवठा. सेट साधारण एक-दीड अँपिअर घेतो. तीन अँपिअर मागू लागला तर तत्काळ बंद करावा. डीसी जॅकची ध्रुवता आधी पाहावी, कारण काही सेटमध्ये मधली पिन ऋण असते.

आता पाहण्याचा प्रश्न. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, १९८२ मध्ये रंग आला, आणि सामरिक महत्त्वाची काही ठिकाणे वगळता अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद करण्याचे प्रसार भारतीने ठरवले. त्यामुळे अँटेना फिरवून आता केवळ मुंग्या दिसतात. उपाय म्हणजे आरएफ मॉड्युलेटर: सेट-टॉप बॉक्सचा किंवा डीव्हीडी प्लेयरचा एव्ही संकेत त्यात सोडायचा आणि निघणारा संकेत केबलने टीव्हीच्या अँटेनाच्या जागी द्यायचा. मॉड्युलेटर बी/जी पद्धतीवर, म्हणजे चित्र आणि ध्वनी यांत ५.५ मेगाहर्ट्झ अंतर असणारा हवा. चित्र स्वच्छ असून आवाज येत नसेल, तर बहुधा तो अन्य पद्धतीवर ठेवलेला असतो. मागे दोन स्क्रूंचे ३०० ओहमचे टोक असेल, तर मध्ये केबल त्या टोकाशी जुळवणारा ‘बलून’ (balun) नावाचा छोटा ट्रान्सफॉर्मर लावावा. मॉड्युलेटरला अँटेना जोडू नये. ते विनापरवाना प्रक्षेपण ठरते.

पुढे अन्य सेट घेण्याची इच्छा झाली, तर कोकणात व गोव्यात आखाती देशांतून आणलेले छोटे सेट मिळतात. दुबई-मस्कतकडची पद्धत आपल्यासारखीच असल्याने ते थेट चालतात. जपानच्या घरगुती बाजारातील सेट मात्र ५२५ ओळींचे, ४.५ मेगाहर्ट्झ ध्वनीचे आणि १०० व्होल्टवर चालणारे असतात. सोनीचा १९६० चा आठ इंची ट्रान्झिस्टर सेट किंवा त्याच कंपनीचा १९८२ चा चपट्या ट्यूबचा ‘वॉचमन’ हा खिशातला सेट यांचे आकर्षण मलाही आहे, परंतु त्यांचे सुटे भाग आपल्याकडे जवळजवळ मिळत नाहीत. एलसीडीच्या हातातल्या सेटमध्ये तर गळक्या सूक्ष्म कपॅसिटरांनी सर्किटच्या रेषाच खाल्लेल्या असतात.

ट्रान्झिस्टर व कपॅसिटर पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतील. एलओटी मात्र नवा मिळण्याची आशा धरू नये. बुधवारी किंवा रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात त्याच मॉडेलचा फुटक्या कॅबिनेटचा सेट दिसला, तर तो भागांसाठी घेऊन ठेवावा. आपल्या सेटच्या व्हर्टिकल आउटपुटवरील ट्रान्झिस्टरचा किंवा आयसीचा क्रमांक कळवलात, तर कोणत्या पायावर काय मोजावे, हे अधिक नेमकेपणाने सांगता येईल.