कोळसा धुताना पाणी जड करायला मिठाऐवजी मॅग्नेटाइट का?

तुमची शंका अशी की मीठ विरघळवूनही पाणी जड होतं, मग कोल वॉशरीवाले (कोळशातला दगड वेगळा काढणारे) मॅग्नेटाइटची, म्हणजे लोखंडाच्या खनिजाची पूड विकत घेऊन पाण्यात का कालवतात. झरिया पट्ट्यात काही वर्षं वॉशरीत काढली आहेत, म्हणून लिहितो.

जड पाण्यात कोळसा तरंगावा आणि दगड बुडावा, एवढाच हा खेळ. मिठाचं पाणी कितीही दाट केलं तरी घनता 1.2 च्या आसपास अडते (साध्या पाण्याची 1). चांगला कोळसाच 1.3 च्या पुढचा, म्हणजे कोळसा आणि दगड दोन्ही तळाला. झिंक क्लोराइडने 1.8 सहज गाठता येते. लॅबमध्ये फ्लोट-सिंक चाचणी त्यातच करायचो: चढत्या घनतेच्या बादल्या ओळीने मांडायच्या, तरंगलेला कोळसा जाळीने काढायचा, बुडालेला पुढच्या बादलीत टाकायचा. हातमोजे घातलेच पाहिजेत, कातडी सोलते.

पण प्लांटमध्ये तासाला शेकडो टन माल जातो आणि प्रत्येक ढेकळाला द्रावण चिकटतं. ते धुवून काढलं की पातळ होतं, आणि पुन्हा दाट करायला आटवावं लागतं. एवढं पाणी कोण उकळत बसणार? मॅग्नेटाइट विरघळत नाही. माल स्क्रीनवर, म्हणजे चाळणीवर, फवारे मारून धुतला, ते पाणी चुंबकाच्या ड्रमखालून नेलं की पूड ड्रमला चिकटून परत येते. खरी मेख इथे आहे.

बारीक वाळू चालणार नाही का? 1.5 घनतेच्या एका लिटरला मॅग्नेटाइट साधारण 625 ग्रॅम पुरतं, आकारमानाने फक्त आठवा हिस्सा. वाळू घेतली तर जवळजवळ तिसरा हिस्सा घन होतो. मिश्रण इतकं घट्ट की लहान कोळसा त्यात धड तरंगतही नाही, धड बुडतही नाही. (अमेरिकेत पूर्वी वाळू-पाण्याच्या मिश्रणात अँथ्रासाइट हा कठीण कोळसा धुवायचे, पण तो मोठा, सुटसुटीत माल.)

पूड फार बारीक दळली तरी घट्टपणा वाढतो, जाड ठेवली तर तळाशी बसते. शिवाय सायक्लोनमध्ये (मिश्रण गरगर फिरवून कोळसा-दगड वेगळे करणाऱ्या शंकूत) पूडही बाहेरच्या भिंतीकडे फेकली जाते, त्यामुळे मीडियम, म्हणजे पूड कालवलेलं पाणी, 1.45 चं असलं तरी कोळसा-दगडाची फारकत त्याहून जास्त घनतेवर होते. नवा ऑपरेटर इथे हमखास गोंधळतो.

आपल्या गोंडवाना कोळशाचं (भारतातला बहुतेक दगडी कोळसा याच जातीचा) दुखणं मात्र निराळं. त्यात राखेचं खनिज कोळशातच मुरलेलं असतं, त्यामुळे कटच्या, म्हणजे जिथे कोळसा-दगडाची फारकत होते त्या, घनतेच्या आगेमागेच ढीगभर माल सापडतो. तिथे घनता 0.02 ने जरी हलली तरी धुतलेल्या कोळशातल्या ॲशचा (राखेचा) आकडा लगेच बदलतो.