कार्ड असूनही औषधांचा खर्च खिशातून का?

प्रश्न : माझे वडील ७४ वर्षांचे आहेत. आयुष्मान कार्डावर त्यांची शस्त्रक्रिया झाली. मात्र आधीच्या तपासण्या आणि मधुमेह व रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या यांचा खर्च आम्हीच करतो. प्राप्तिकरावर आरोग्याच्या नावाने उपकर घेतला जातो, तो जातो कुठे? संरक्षणखर्च कमी करून उपचार मोफत करता येणार नाहीत का?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : आपल्या घरचा अनुभव हा योजनेच्या रचनेचाच परिणाम आहे. २०१८ मध्ये सुरू झालेली आयुष्मान भारत योजना रुग्ण दाखल झाल्यावरचा खर्च उचलते. दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस एवढाच काळ तिच्यात धरला जातो. मधुमेहाची गोळी मात्र जन्मभर घ्यावी लागते. देशाच्या आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम कुटुंबांनी थेट खिशातून भरली आणि तिचा मोठा भाग औषधांवर व बाह्यरुग्ण उपचारांवर गेला.

प्राप्तिकरावरील ४ टक्के उपकर आरोग्य आणि शिक्षण या दोहोंसाठी आहे. उपकराची रक्कम राज्यांत वाटल्या जाणाऱ्या करांमध्ये धरली जात नाही. दुसरीकडे सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हे विषय संविधानाने राज्यांकडे सोपवले आहेत, त्यामुळे दवाखाना चालवण्याचा भार ज्यांच्यावर आहे, त्यांचा या पैशावर हक्क नाही. ही विसंगती मला अन्यायकारक वाटते. उपकरातला आरोग्याचा हिस्सा राज्यांना द्यावा आणि तो प्राथमिक उपचारांवरच खर्च करण्याचे बंधन घालावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

संरक्षणाविषयी थोडक्यात सांगतो. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एकूण खर्च सुमारे ५०.६५ लाख कोटी रुपये होता; त्यातले सुमारे ६.८१ लाख कोटी संरक्षणाला, १२.७६ लाख कोटी कर्जावरील व्याजाला आणि आरोग्य मंत्रालयाला जवळपास १ लाख कोटी, म्हणजे शंभरातले जेमतेम दोन रुपये. सैन्याच्या खर्चाला हात न लावताही हा आकडा वाढवता येईल. केंद्र आणि राज्ये मिळून सरकारी आरोग्यखर्च २०२१-२२ मध्ये देशाच्या सकल उत्पादनाच्या (जीडीपी) १.८४ टक्के होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवले होते. दरवर्षीच्या वाढीव महसुलातला ठरावीक वाटा आधी आरोग्यासाठी काढून ठेवल्यास ही तूट टप्प्याटप्प्याने भरून निघेल.

वाढीव पैसा मात्र केवळ विम्याच्या कार्डांवर घालू नये. थायलंडने २००२ मध्ये करांच्या पैशातून सर्वांसाठी योजना आणली, पण त्याआधी जिल्ह्याजिल्ह्यांत सरकारी रुग्णालये उभी केली होती. आपल्याकडे तमिळनाडूने १९९४ मध्ये महामंडळ स्थापून औषधांची एकत्रित खरेदी सुरू केली. मोठ्या प्रमाणात घेतल्याने भाव उतरतात आणि साठ्याची नोंद एकाच ठिकाणी राहते. वस्तीतल्या दवाखान्यात गोळ्या नियमित मिळाल्या, तर शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचणारे रुग्णही कमी होतील; म्हणून पहिला रुपया तिथे जावा.

तूर्त वडिलांचे जुने कागद घेऊन जवळच्या संजीवनी क्लिनिकमध्ये, म्हणजे मध्य प्रदेश सरकारच्या वस्तीतल्या दवाखान्यात, जावे आणि गोळ्या तिथून मिळतात का ते पाहावे. औषध नाही म्हणून बाहेरची चिठ्ठी दिली, तर तिची प्रत जपून ठेवावी आणि १८१ या मुख्यमंत्री हेल्पलाइनवर औषधाच्या नावासह तक्रार नोंदवावी.