टायर घरी बदलायचा? आधी बिल उलगडून पाहू

प्रश्न: नाशिकहून सिन्नरच्या एमआयडीसीत रोज मोटारसायकलने जातो, जाऊन-येऊन ६० किलोमीटर. गाडी १५० सीसीची, २०२२ ची. पुढे डिस्क, मागे ड्रम ब्रेक. परवा मागचा टायर आणि पुढचे ब्रेक पॅड बदलले, बिल झालं ३,४०० रुपये. यापुढे ही कामं घरीच करावीत असं वाटतंय. त्यासाठी १४,५०० रुपयांची हत्यारं बघून ठेवली आहेत, सहा महिन्यांच्या बिनव्याजी हप्त्यांवर मिळतात. हातात पगार ३१,०००. अडीनडीसाठी २२,००० बाजूला आहेत. गाडीचा थर्ड पार्टी विमा चालू आहे, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा मागे सुटला. हत्यारं घेऊ का?

उत्तर: सगळी घेऊ नका. यादीतला २,८०० रुपयांचा टॉर्क पाना (बोल्ट ठरलेल्या जोरानेच आवळता येतो असा पाना) तेवढा घ्या, तोही रोखीने. असं का, ते तुमच्याच बिलातून दाखवतो.

बिलाचा फोटो तुम्ही पाठवलात हे फार बरं केलंत. त्यात टायर २,४५० रुपये, पॅड ४२० रुपये, टायर चढवण्याचे व्हील बॅलन्सिंगसह २५० आणि पॅड बसवण्याचे २८०. म्हणजे ३,४०० पैकी २,८७० रुपये मालाचे आहेत आणि ते घरी काम केलंत तरी द्यावेच लागणार. वाचणार ते मजुरीचे ५३० रुपये.

आता हे पुढे ताणू. महिन्याला साधारण १,५०० किलोमीटर, म्हणजे पाच वर्षांत ९०,०००. तुम्ही कळवलेल्या हिशेबाने मागचा टायर २५,००० किलोमीटर जातो, पुढचा ३५,०००, पॅड १२,००० आणि मागच्या ड्रम ब्रेकचे लायनर १८,०००. म्हणजे पाच वर्षांत साधारण सहा वेळा टायर, सात वेळा पॅड, पाच वेळा लायनर. लायनरची मजुरी पॅडइतकीच धरली तर सगळी मिळून ४,८६० रुपये होते, महिन्याला ८० रुपयांच्या आसपास. एवढे वाचवण्यासाठी आज १४,५०० घालायचे, हे गणित बसत नाही. क्रेडिट कार्डावरच्या बिनव्याजी हप्त्यावरही बँक पुष्कळदा प्रोसेसिंग फी लावते आणि कागदोपत्री दाखवलेल्या व्याजावर जीएसटी घेते, तो भाग तर वेगळाच.

टायरचं काम मी दुकानातच ठेवीन. ट्यूबलेस टायरची कड रिमला घट्ट बसलेली असते. टॉमी (टायर उचकटायची लोखंडी पट्टी) घसरून अलॉय रिमच्या कडेला खोल ओरखडा गेला तर तिथून हवा झिरपते आणि नव्या अलॉयची किंमत हजारांत जाते. टायर चढला तरी कड जागेवर बसायला हवेचा एकदम जोराचा झोत लागतो. यादीतल्या २,३०० रुपयांच्या छोट्या पंपाला तो पुष्कळदा जमत नाही. चाक उचलून धरणारा पॅडॉक स्टँड तर तुम्हाला लागणारच नाही, कारण तुम्ही पाठवलेल्या गाडीच्या फोटोत मधलं स्टँड दिसतंय.

पॅडचं मात्र वेगळं आहे. तिथेही पैसे फार वाचत नाहीत: पाच वर्षांत १,९६० रुपये, पान्याच्या किमतीपेक्षा कमीच. तरी मी ‘शिका’ म्हणतो. जो माणूस स्वतः पॅड बदलतो तो दोन महिन्यांतून एकदा वाकून त्यांची जाडी बघतो. पॅड संपून मागचं लोखंड डिस्कला लागलं की डिस्क जाते. माझ्या गाडीची अशीच गेली होती, आवाज येत असूनही मी ‘रविवारी बघू’ म्हणत राहिलो आणि २,६०० रुपये मोजले. टॉर्क पाना घ्यायचा तो कॅलिपरच्या, म्हणजे पॅड धरून डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, बोल्टसाठी. ढिला राहिला तर जीवाशी खेळ, जास्त आवळला तर आटे जातात. किती आवळायचा तो आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. पहिल्या वेळी जाणत्या फिटरला शेजारी बसवा. पॅडला तेलाचा हात लागू देऊ नका, धूळ फुंकून उडवू नका. नवे पॅड बसवताना कॅलिपरमधला पिस्टन मागे ढकलल्यावर ब्रेक लिव्हर कडक होईपर्यंत दाबत राहा, त्याआधी गाडी हलवायची नाही. हे विसरलेला माणूस पहिल्याच वळणावर ब्रेक मारतो आणि लिव्हर रिकामी आत जाते.

उरलेल्या ११,७०० रुपयांकडे वळू, कारण माझी खरी काळजी तिथे आहे. पुणे हायवेवर रोज ६० किलोमीटर आणि गाडीच्या नुकसानीचा विमा नाही. तो आधी पुन्हा सुरू करा; खंड पडल्यामुळे कंपनी गाडीची पाहणी करेल, ती करू द्या. सोबत मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा चालू आहे का तेही बघा, तो कायद्यानेच लागतो आणि थर्ड पार्टी पॉलिसी पाच वर्षांची असली तरी हा एकाच वर्षाचा घेतलेला असू शकतो. मात्र झिजलेला टायर विम्यात मिळत नाही. अपघातात गाडीसोबत टायर गेला तरी निम्मीच किंमत हाती येते.

म्हणून टायरसाठी वेगळी सोय हवी. मागचा-पुढचा टायर, पॅड, लायनर आणि सगळी मजुरी धरून तुमचा खर्च किलोमीटरला २६ पैशांच्या आसपास येतो, म्हणजे महिन्याला ३९० रुपये. पगाराच्या दिवशी ४०० रुपयांचं आवर्ती ठेव खातं लावून टाका. पुढचं ३,४०० चं बिल येईल तेव्हा त्याचे पैसे आधीच जमलेले असतील. विमा भरून जे उरेल ते अडीनडीच्या २२,००० मध्ये जाऊ द्या. आज ती रक्कम तुमच्या एका महिन्याच्या पगाराएवढीही नाही.

आणि आजच एक काम करा. नव्या टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का शोधा. १४२५ असेल तर तो २०२५ च्या चौदाव्या आठवड्यात बनलाय. बिलावर जीएसटी किती लावलाय तेही बघा, २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारसायकलच्या टायरवर तो २८ ऐवजी १८ टक्के आहे. शिक्का तीन-चार वर्षांपूर्वीचा निघाला किंवा कर जुन्या दराने लावलेला दिसला तर बिल घेऊन याच आठवड्यात दुकानात जा.