वर कुठे द्यायचं?

रशियातल्या कझानला वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या एका मराठी विद्यार्थ्याचा प्रश्न आहे: "होस्टेलमधली एक रशियन मैत्रीण माझ्याकडून इंग्रजी तपासून घेते. परवा तिने 'आय रिफ्यूज्ड फ्रॉम स्मोकिंग' असं लिहिलं होतं. मी 'गिव्ह अप' सुचवलं, तर म्हणाली, 'गिव्ह म्हणजे देणं ना? मग वर कुठे द्यायचं?' मला काही सांगता येईना. शेवटी 'पाठ करून टाक' म्हणून मोकळा झालो. रशियनमध्ये 'गिव्ह अप'सारखी जोड-क्रियापदं, म्हणजे फ्रेझल व्हर्ब, हा प्रकारच नाही का?"

'पाठ करून टाक' असं तुम्ही म्हणालात, तेव्हा तिने 'टाकायचं कुठे?' असं विचारलं नाही हे तुमचं नशीब. आणि 'मोकळे झालात' म्हणजे आधी कोणी बांधून ठेवलं होतं? दोन शब्द मिळून तिसराच अर्थ देतात, हे आपण दिवसभर करतो. फक्त आपलं आपल्याला दिसत नाही. तुमच्या मैत्रिणीचंही तेच झालंय.

आधी तिची चूक बघू. 'अमुक गोष्टीपासून नकार देणे', रशियनमध्ये 'अत्काझात्सा अत', अशी त्यांच्याकडे सवय सोडण्यासाठी रचना आहे. तीच तिने शब्दशः उचलली. बोलताना मात्र रशियन माणूस सिगरेट 'फेकतो': 'ब्रोसित् कुरीत्', ओढणं फेकणं. म्हणजे एकच सिगरेट इंग्रज वर देतो, रशियन फेकतो आणि आपण सोडतो.

आता तिला विचारा, खेळात हरताना तुम्ही काय ओरडता? 'झ्दायूस!' याचा गाभा 'दात्', म्हणजे देणे. त्याला पुढे 'स्' लागला (द शेजारी आला की तो झ् होतो), मागे स्वतःला दाखवणारा प्रत्यय लागला, आणि अर्थ झाला 'हरलो बुवा', म्हणजे नेमकं 'आय गिव्ह अप'. यात ती कोणाला काय देते? आणि हा शब्द तुम्हीही रोज ऐकत असणार. परीक्षा पास झालेला 'झ्दाल' म्हणतो. दुकानातली सुटी परत मिळाली ती 'झ्दाचा'. भिंतीवर 'झ्दायोत्सा' लिहिलं असेल तर खोली भाड्याने देणे आहे. मित्राला पोलिसांच्या हवाली करणं, तेही 'झ्दात्'. शरणागती, निकाल, चिल्लर आणि भाड्याची खोली एकाच क्रियापदात नांदवणाऱ्यांना 'गिव्ह अप'चा बाऊ वाटावा, याची मला गंमत वाटते.

दुसरं घराणं याहून मोठं आहे. 'स्काझात्' सांगणे, 'पकाझात्' दाखवणे, 'रस्काझात्' गोष्ट सांगणे, 'दकाझात्' सिद्ध करणे, 'प्रिकाझात्' हुकूम देणे, 'झकाझात्' जेवण मागवणे, 'नकाझात्' शिक्षा करणे. आणि 'अत्काझात्' नकार देणे. तिच्या वाक्यातला 'रिफ्यूज' याच घरचा. मूळ एक, पुढचं अक्षर बदललं की माणूस गोष्ट सांगायचा थांबून शिक्षा करू लागतो. शाळेत संस्कृत घेतलं असेल तर कानात घंटा वाजायला हवी:

उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते ।
प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत् ॥

उपसर्ग धातूच्या अर्थाला बळाने दुसरीकडे ओढून नेतो. यातला 'बलात्' मला फार आवडतो. फ्रेझल व्हर्बचं याहून चांगलं वर्णन इंग्रजी व्याकरणात माझ्या पाहण्यात नाही. आणि नातं नुसतं साम्याचं नाही. रशियन 'दात्' आणि आपला 'दा' धातू सख्खे भाऊ आहेत. रशियन 'प्रो' आणि आपला 'प्र' हेही. ते जोडून रशियनमध्ये जे क्रियापद होतं त्याचा उच्चार चक्क 'प्रदात्' असा होतो. अर्थ मात्र विकणे! आपण प्रदान करतो, ते पैसे घेतात.

मग अडतं कुठे? जागेत. रशियन उपसर्ग क्रियापदाच्या पुढे येतो आणि त्याला घट्ट चिकटतो. इंग्रजीचा तुकडा मागे येतो, सुटा असतो, आणि मधे कुणालाही बसू देतो: 'गिव्ह इट अप', 'पुट द मीटिंग ऑफ'. रशियन कानाला क्रियापद 'गिव्ह'पाशीच संपलेलं वाटतं, उरलेला 'अप' अनाथ. एरवी सुटे उपसर्ग आपल्यालाही परके नाहीत. पाणिनीने 'ते प्राग्धातोः' म्हणून त्यांना धातूआधी बसवलं, पण लगेच पुढच्या दोन सूत्रांत सांगितलं की वेदांत ते धातूनंतरही येतात आणि मधे अंतर टाकूनही येतात. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात 'उप त्वाग्ने दिवेदिवे' मधला 'उप' ज्या क्रियापदाचा आहे, ते 'एमसि' ऋचेच्या अगदी शेवटी भेटतं.

अडचणीचं दुसरं कारण असं, की 'रिफ्यूज', 'इग्नोर', 'ऑर्गनाइज' असले लॅटिन वळणाचे शब्द रशियन माणसाला ओळखीचे वाटतात, कारण 'इग्नरीरवत्', 'अर्गनिझवात्' त्याच्या घरी आहेतच. तो तिकडे वळतो आणि त्याचं इंग्रजी सरकारी पत्रासारखं वाजू लागतं. आपला रोग उलटा: आपण नको तिथे शेपूट जोडतो. 'कोप अप विथ' आणि 'रिटर्न बॅक' म्हणणारे आपलेच लोक.

शिकवताना यादी देऊ नका. तिच्या उपसर्गांपासून सुरुवात करा. 'ऑफ'ला 'अत्' बहुतेकदा जुळतो: 'पुट ऑफ' (पुढे ढकलणे) म्हणजे 'अत्लझीत्', तुकड्याला तुकडा. 'आउट'ला 'वि': 'थ्रो आउट', 'विब्रसित्'. 'हँड ओव्हर'ला 'पिरिदात्'. 'अप'चा वर जाण्याशी अनेकदा संबंध नसतो, ते काम पुरं झाल्याचं दाखवतं. 'ईट अप', रशियन 'स्येस्त्', मराठी 'खाऊन टाक': ताट स्वच्छ. हे तिन्ही एका ओळीत लिहून दाखवा, 'वर कुठे' हा प्रश्न निम्मा तिथेच सुटेल. 'पुट अप विथ' (सहन करणे) मात्र कोणत्याच चौकटीत बसणार नाही, तो पाठच करावा लागेल. आणि बोलताना जोर 'अप'वर द्यायला सांगा; रशियन मंडळी तो 'गिव्ह'वर देतात आणि तुकडा गिळून टाकतात.

वाक्प्रचारांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण ते येतीलच. तिथे अनोळखी चित्रापेक्षा ओळखीचं चित्र घातक. राईचा पर्वत इंग्रज चिचुंदरीच्या ढिगाऱ्याचा करतो, रशियन माशीचा हत्ती करतो; गोंधळ होत नाही. पण नाक धरून नेणं दोन्हीकडे आहे. इंग्रजीत त्याचा अर्थ एखाद्याला पूर्ण मुठीत ठेवणं, रशियनमध्ये झुलवत ठेवून फसवणं. तिने वाक्य बरोबर लिहिलं तरी अर्थ चुकेल आणि तुमच्या लक्षातही येणार नाही. आपलं तेच 'पाय ओढणे'चं: इंग्रज थट्टेत पाय ओढतो, आपण पुढे जाणाऱ्याचा.

एक वाक्प्रचार मात्र तिला समजवावा लागणार नाही: 'ब्रेक अ लेग', म्हणजे 'पाय मोड' म्हणून दिलेली यशाची शुभेच्छा. वाईट बोलून दृष्ट टाळायची ही युक्ती रशियनांची रोजची आहे. तुमच्या अॅनाटॉमीच्या परीक्षेआधी ती 'नि पूखा, नि पिरा' म्हणेल. शिकाऱ्याला दिलेली ही जुनी उलटी सदिच्छा, 'ना लव मिळो, ना पीस'. त्यावर चुकूनही 'स्पसीबा', म्हणजे धन्यवाद, म्हणू नका. 'क चोर्तु!' म्हणायचं. म्हणजे 'जा सैतानाकडे'. ती रागावणार नाही.